खोताच्या वाडीत एसी बदलायचाय, कुणाकुणाला विचारू?

गिरगावकरीण
परवा एका वारसाप्रेमी सद्गृहस्थांचं टिपण वाचलं. म्हणे खोताच्या वाडीतल्या, म्हणजे मुंबईत गिरगावातल्या आमच्या जुन्या वस्तीतल्या, लाकडी घरांना एसी लावणं म्हणजे नऊवारीवर हेल्मेट. पूर्वजांनी व्हरांडे, झिलमिल्या (आडव्या लाकडी पट्ट्यांची खिडक्यांची दारं), उंच छपरं दिली ती वाऱ्यासाठी, ती उघडा, एसी आपोआप सुटेल. खाली 'अगदी अगदी'चा पाऊस.

साहेब, वारा चौपाटीवरून यायचा तेव्हा मध्ये टॉवर नव्हते. आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून आता समुद्राऐवजी कुणाची तरी वाळत घातलेली चादर दिसते. मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २७-२८च्या खाली येत नाही. आई ८३ वर्षांची, दम्याची. झिलमिली उघडली की डास, धूळ आणि शेजारचा ड्रिल.

वडिलांनी २००७ साली खिडकीत दीड टनी एसी बसवला, आर-२२ गॅसचा. खाऱ्या हवेने कॉइल पोखरली. गेले तीन उन्हाळे गॅस भरतेय, दिवाळीपर्यंत गायब. आर-२२वर नवे एसी बनवणं २०२५ पासून देशात बंद झालंय, त्यामुळे तसाच दुसरा आणून खिडकीत बसवायचा प्रश्नच नाही. स्प्लिट घ्यायचाय. भिंतीला भोक कुठे पाडू आणि बाहेरचं युनिट कुठे टांगू, एवढंच सांगा. प्रवचन नको.

चुनेगच्ची
प्रवचन नाही, पण प्रश्नच चुकलाय. ही घरं चुन्याच्या गिलाव्याची. चुना ओल घेतो आणि सोडतो. तुमच्या वडिलांनी (किंवा कुणीतरी) त्यावर सिमेंट थापलं असणार. ओल आत अडकते, खोली कोंदट होते, मग एसी. आणि कौलांखाली तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, आहे का? नसेल तर गार हवा मंगलोरी कौलांच्या फटींतून वर जाते. तुम्ही आईला नाही, वाडीतले कावळे गार करताय.

फेटेवाला
अवांतर: नऊवारीवर हेल्मेट बघायचं असेल तर पाडव्याला या. गिरगावात बायका नऊवारी नेसून बुलेट चालवतात. फेटा असतो, हेल्मेट नसतं, एवढाच फरक.

गिरगावकरीण
@चुनेगच्ची, सिमेंट २००५च्या २६ जुलैनंतर थापलं, कारण भिंत गळत होती आणि चुन्याचं काम करणारा गवंडी मिळाला नाही. तुम्ही देताय का पाठवून? तक्तपोशी आहे, एका खोलीत. कावळ्यांची काळजी नको.

कॉम्प्रेसरकाका
२६ वर्षं हेच काम करतोय. ताई, दीड टन घेऊ नका. दहा बाय बाराच्या खोलीला, वर तक्तपोशी असेल तर, एक टन पुरे. मोठा एसी खोली पटकन गार करून थांबतो, ओल तशीच राहते, गादी दमट लागते. आपल्याकडे उकाड्यापेक्षा दमटपणा काढायचा असतो. म्हणून तर कूलर इथे चालत नाही.

आर-३२ गॅसचा घ्या, पण तो गॅस थोडा ज्वलनशील असतो, म्हणजे लाकडी घरात सांधे नीट आणि जुन्या पाइपांवर जोडकाम नाही. कॉइलवर लेप दिलेलंच मॉडेल. ब्रॅकेट स्टेनलेसचं. साधं लोखंडी तीन पावसाळ्यांत सडतं, मी युनिटसकट खाली आलेलं बघितलंय. खाली फक्त स्कूटर होती म्हणून बरं. आणि आधी वायरिंग बघा. लाकडी केसिंग-कॅपिंगवर (लाकडी पट्ट्यांतून नेलेल्या जुन्या वायरींवर) एसी चालवणाऱ्यांना मी हात जोडतो.

पागडीग्रस्त
हे सगळं ठीक, पण भोक पाडायला मालकाची परवानगी घेतलीत का? मी गिरगावातच, पागडीच्या (आधी एकरकमी पैसे, मग नाममात्र भाडं) चाळीत. मालकाने दोन वर्षं एनओसी दिली नाही. 'भिंत माझी आहे.' बरं, मग पावसात गळते तेव्हा कुणाची असते?

गिरगावकरीण
घर आमच्या मालकीचं आहे. इथे पागडीचा संबंध नाही.

तिसऱ्या_पिढीचा_मालक
संबंध आहे. ६५ घरं होती म्हणतात वाडीत, निम्मीही उरली नाहीत. का? गिरगावात एक इमारत सांभाळून दाखवा. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या आकड्यावर गोठवली. १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. ८५ रुपयांवर ४ टक्के किती होतात ते सांगा, मी चहा पाजतो. त्याच भाडेकरूच्या खिडकीत दोन-दोन एसी. त्यांचं मे महिन्याचं वीजबिल म्हणजे माझं चार वर्षांचं भाडं.

पागडीग्रस्त
आणि आजोबांनी पागडी मोजली ती विसरलात? त्या पैशात तेव्हा दादरला ब्लॉक आला असता. तुमचे आजोबा पावती देत नव्हते, एवढंच.

तिसऱ्या_पिढीचा_मालक
माझ्या आजोबांवर जाऊ नका.

पागडीग्रस्त
तुम्ही माझ्या वीजबिलावर गेलात.

मेलबर्नहून
इथे जुन्या घरांना दर्शनी बाजूला युनिट लावायला बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते. शिस्त म्हणून असतं काही. आपल्याकडे कसं होणार...

पागडीग्रस्त
तुम्ही गिरगाव सोडलंत तेव्हा ट्रंक कॉल लावायचे. राहू द्या.

चुनेगच्ची
मूळ विषयावर येऊ या का? @गिरगावकरीण, माझा मुद्दा एकच: जे कराल ते उलट फिरवता आलं पाहिजे. भिंतीला भोक पाडलं की ते कायमचं. दर्शनी व्हरांड्यात पांढरा डबा टांगलात की वाडीचा चेहरा गेला. तुमच्या आधी चौघांनी तेच केलंय.

गिरगावकरीण
चेहरा कुणासाठी? रविवारी सकाळी आमच्या जिन्यावर बसून लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांसाठी? मागच्या महिन्यात एक जोडपं आईच्या आरामखुर्चीत बसलं. आई आत होती म्हणून, नाहीतर मांडीवरच बसले असते. त्या सद्गृहस्थांच्या लेखावरही आमच्याच घराचा फोटो आहे, न विचारता. आणि गंमत बघा, त्यात खिडकीतला एसी कापलाय.

चुनेगच्ची
ते चूक आहे. मान्य.

बरं, ऐका. आईच्या खोलीत एकच लावा. भिंतीला हात लावू नका. मागच्या खिडकीचं वरचं एक तावदान उतरवा, नीट गुंडाळून माळ्यावर ठेवा, त्या जागी सागाची फळी, आणि पाइप फळीतून. उद्या एसी गेला की तावदान परत. बाहेरचं युनिट मागच्या बाजूला, जमिनीवर स्टँड करून. भिंतीला टांगलंत तर कंप सगळ्या लाकडी चौकटीत जातो, रात्री तक्तपोशी गुणगुणते. आमच्या आत्याकडे झालंय, म्हणून सांगतो.

गिरगावकरीण
म्हणजे एसीला हरकत नव्हती, तुम्हाला विचारून लावायला हवा होता. आणि आत्याकडेही एसी आहे तर!

चुनेगच्ची
आत्याला मधुमेह आहे.

कॉम्प्रेसरकाका
फळीची आयडिया चांगली आहे. फळीला बाहेरच्या अंगाने उतार द्या, नाहीतर पावसाचं पाणी पाइपाबरोबर आत येईल. निथळायची नळी पन्हळीत सोडा, शेजाऱ्याच्या पायरीवर नको.

तिसऱ्या_पिढीचा_मालक
पागडीवर कुणी वेगळा धागा काढणार असेल तर मी येतो. पावत्या घेऊन.

गिरगावकरीण
ठरलं. एक टन, आर-३२, तावदान माळ्यावर, युनिट मागच्या गल्लीत स्टँडवर. शनिवारी माणूस येतोय. चुन्याच्या गवंड्याचा नंबर मात्र अजून कुणी दिलेला नाही, याची नोंद घ्यावी.

मागच्या_दारची
गप्प वाचत होते. मागची गल्ली म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची खिडकी ना गं? मधे साडेतीन फूट. काका, एक टनाचं युनिट बाहेर किती उष्णता टाकतं?

कॉम्प्रेसरकाका
खोलीतून ओढतं ते साडेतीन किलोवॅट, वर स्वतः खातं ती वीज. सगळं बाहेरच.

मागच्या_दारची
म्हणजे दोनेक गीझर चालू ठेवून त्यांच्यासमोर मी पोळ्या लाटायच्या. शनिवारी माणूस आला की आधी मला हाक मार.