मदत हवी आहे: एन्टर दाबलं की एकच क्रेट दोनदा चढतं

नमस्कार. नाशिकला दिंडोरी रोडवर मामांचं द्राक्षांचं शेड आहे. खुडा सुरू झाला की मामी काट्याशेजारी बसून वजनं लॅपटॉपवर टाकते. एक हात क्रेटवर, दुसरा नंबरपॅडवर. माउस धरायला सवडच नसते, एन्टरच हवं. तिच्यासाठी साध्या जावास्क्रिप्टमध्ये फॉर्म केलाय: शेतकऱ्याचं नाव, वजन आणि 'ओळ काढा', 'नोंद करा' अशी दोन बटणं.

सुरुवातीला एन्टर दाबलं की आधीच्या क्रेटची ओळच उडायची. म्हणून 'ओळ काढा' खाली नेलं, शिवाय कीडाउनवर, म्हणजे कळ दाबली जाताच, एन्टर पकडून नोंदीचं फंक्शन बोलावलं. आता १६.४०० किलोचं एकच क्रेट दोन ओळींत दिसतं. माउसने क्लिक केलं तर एकदाच. काल मामीच्या वहीशी ताळा जुळेना, तेव्हा लक्षात आलं. शेतकऱ्याच्या पट्टीवर (हिशेबाच्या चिठ्ठीवर) चुकीचं वजन गेलेलं मला अजिबात चालणार नाही. नाव मराठीत लिहिताना सुचवलेला शब्द एन्टरने निवडला तरी नोंद होते. कुठे चुकतंय?

प्रतिसाद:
बटणांना टाइप दिलेला नाही ना? फॉर्ममधलं बिनटाइपचं बटण सबमिटच, म्हणजे फॉर्म पाठवणारंच, धरलं जातं. चौकटीत एन्टर दाबलं की ब्राउझर फॉर्मातलं पहिलं सबमिट बटण स्वतःच क्लिक करतो. आधी ते 'ओळ काढा' होतं, म्हणून ओळ उडायची. आता 'नोंद करा' पहिलं आहे: एक नोंद तुमच्या कीडाउनची, दुसरी त्या क्लिकची.

'ओळ काढा'ला टाइप 'बटन' द्या, 'नोंद करा'ला 'सबमिट'. कीडाउन आणि क्लिक दोन्हींवरचा कोड काढा, नोंद फक्त फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर करा. एन्टर असो वा क्लिक, दोन्ही तिथेच येतात. पान रिलोड होऊ नये म्हणून तिथे ब्राउझरची ठरलेली कृती थांबवणारं प्रिव्हेंटडिफॉल्ट हवंच. शब्द निवडतानाचं एन्टरही तुमचा कीडाउनच पकडत होता, तेही थांबेल. सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत 'नोंद करा' डिसेबल (बंद) ठेवा. तेवढा वेळ एन्टरही चालत नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार! टाइप दिले, कीडाउन काढलं. आज सकाळी मामीने ४० क्रेट टाकले, वहीत ४० आणि लॅपटॉपवरही ४०. नाव लिहितानाही अडलं नाही. आता सर्व्हरकडून चूक झाल्याचा संदेश आला तर बटण परत सुरू करायचं राहिलंय, ते आज रात्री करतो.