वर्ड क्लॉक लॉक दाखवतोय, तरी ठरावीक अंतराने टिक येते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑडिओ इंटरफेस, आठ चॅनलचा माइक प्रीॲम्प आणि एक जुनं रिव्हर्ब युनिट अशी जोडणी आहे. प्रीॲम्प एडॅट ऑप्टिकलने (एकाच प्रकाश-केबलवर आठ चॅनल) इंटरफेसमध्ये येतो, रिव्हर्बची ये-जा एसपीडिफवर (दोन चॅनलची डिजिटल जोडणी). सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाचे नमुने). इंटरफेस मास्टर आहे, म्हणजे बाकीच्यांनी त्याचा ताल धरायचा, आणि त्याच्या वर्ड क्लॉक (सॅम्पलचा ताल देणारा सिग्नल) आउटमधून बीएनसी केबल प्रीॲम्पला गेली आहे.

गाताना लांब स्वर किंवा शांत जागा आली की बारीक 'टिक' ऐकू येते, जवळपास सारख्याच अंतराने. बफर (कॉम्प्युटरमधला आवाजाचा तात्पुरता साठा) १२८ वरून १०२४ सॅम्पल केला, काही फरक नाही. लॉकचे सगळे दिवे हिरवे आहेत, म्हणून तर काही सुचेना झालंय.

वेगळा मास्टर क्लॉक घ्यावा लागेल का? प्रीॲम्पवर ७५ ओमचा स्विच आहे आणि टी-कनेक्टरवर टर्मिनेटरही लावलाय (दोन्हींचं काम एकच, केबलच्या टोकाला ७५ ओमचा रोध देणं). दोन्ही हवेत का? असं गाणं पुन्हा जमून येईलच असं नाही, म्हणून कळकळीने विचारतोय.

प्रतिसाद १
रिव्हर्बचा परतीचा चॅनल म्यूट केला तर टिक जाते का? आणि रिव्हर्ब क्लॉक कुठून घेतं ते तुम्ही लिहिलेलं नाही.

मूळ प्रश्नकर्ता
म्यूट केलं की टिक पूर्ण बंद! रिव्हर्बला वर्ड क्लॉकचं सॉकेटच नाही. मेनूत क्लॉक 'इंटर्नल' आहे, दुसरा पर्याय 'डिजिटल इन'.

प्रतिसाद २
मग दुखणं सापडलं. 'डिजिटल इन' करा. एसपीडिफच्या सिग्नलमध्येच क्लॉक असतो, आवाज जात नसला तरी, त्यामुळे वर्ड क्लॉकच्या सॉकेटवाचून अडत नाही.

लॉकचा दिवा एवढंच सांगतो की येणारा सिग्नल वाचता येतोय. तो तुमच्या मास्टरच्याच तालावर चाललाय का, हे सिंक. आणि बऱ्याच उपकरणांवर सिंकसाठी वेगळा दिवा नसतोच. दोन उपकरणं ४८ वर ठेवली तरी दोन वेगळे क्रिस्टल (उपकरणाला आतून ताल देणारा भाग) कधीच तंतोतंत सारखे चालत नाहीत. दहा लाखांत ५ चा फरक असला, तरी दर चार सेकंदांना सुमारे एक सॅम्पल मागेपुढे होतं. तीच तुमची टिक. हा बफरचा दोष नाही; बफर अपुरा पडला तर आवाज अनियमित फुटतो आणि कॉम्प्युटरवरचा ताण वाढला की वाढतो.

वेगळ्या मास्टर क्लॉकवर खर्च करू नका. तीन उपकरणांना त्याची गरज नाही, आणि कन्व्हर्टर (आवाज डिजिटल करणारा भाग) सहसा स्वतःच्या क्रिस्टलवरच सगळ्यात स्वच्छ चालतो.

टर्मिनेशन एकच हवं, तेही साखळीच्या शेवटी. तुमच्याकडे घेणारा एकच आहे, तेव्हा टी-कनेक्टर काढा, केबल थेट लावा, स्विच चालू ठेवा. दोन्ही ठेवले तर भार ३७.५ ओम होतो आणि सिग्नल पडतो. केबल ७५ ओमचीच आहे ना, तेही बघा; ५० ओमची दिसायला तशीच असते.

मूळ प्रश्नकर्ता
'डिजिटल इन' केलं, टी काढला. बराच वेळ हेडफोनवर ऐकलं, टिक नाही. मनापासून आभार! आधी झालेल्या रेकॉर्डिंगचं काय?

प्रतिसाद २
रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर घेतलं असेल तर गाणं सुरक्षित आहे. प्रीॲम्प पहिल्यापासून सिंकमध्ये होता, त्यामुळे एडॅटवरून आलेले ट्रॅक स्वच्छ असायला हवेत. सोलो करून ऐका आणि तेच ट्रॅक पुन्हा रिव्हर्बमधून फिरवून घ्या.