जुहूला निळा फुगा उचलला आणि पुतणीला डंख, हे नक्की काय आहे?

वाळूतली_पावलं
काल संध्याकाळी जुहूला गेलेलो, ओहोटी लागली होती आणि ओल्या वाळूत जागोजागी छोटे निळे फुगे, प्रत्येकाला मागे निळा दोरा. पुतणी सहा वर्षांची, तिने एक उचलला आणि किंचाळलीच, मनगटावर चाबूक ओढल्यासारखा लाल वळ, त्यात मण्यांसारखे ठिपके. कोणीतरी लिंबू चोळा म्हणालं, चोळलं, तर ती अजूनच रडायला लागली. ही जेलीफिशच ना? लहानपणापासून जुहूला जातोय, हे कधीच पाहिलं नव्हतं.

जाळं_आणि_होडी
दादा ती जेलीफिश नाही, ब्लू बॉटल. एक प्राणी वाटतो पण अख्खी वसाहत असते, फुगा वेगळा जीव, डंख मारणारे वेगळे, खाणारे वेगळे, सगळे जोडलेले. तिला पोहता येत नाही, फुग्यावर शीड असतं, वारा ढकलेल तिकडे जाते, म्हणून पावसाळ्यात समुद्राकडून वारा लागला की आपल्या किनाऱ्याला येते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पण आल्या होत्या, पेपरात दीडशे लोकांना डंख लागल्याचं आलेलं. आमच्याकडे जाळ्याला तो दोरा वाळून चिकटलेला असतो, दिसतपण नाही, जाळं परत भिजलं की हाताला आग. मेलेली म्हणून हात लावू नका कोणी.

कॅज्युअल्टी_नाइट
लिंबू नको, चोळणं तर नकोच, चोळलं की न फुटलेल्या डंखपेशी पण फुटतात. समुद्राच्या पाण्याने धुवायचं, गोडं पाणी नाही, दोरे चिमट्याने काढायचे, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ डिग्री, वीस मिनिटं हात. लहान मुलांचं पाणी आधी स्वतःच्या हाताने बघा, भाजायला नको. श्वास लागला, छातीत दुखलं, उलट्या झाल्या तर थेट हॉस्पिटल. पुतणी आता कशी आहे?

सेंदाईहून
मी जपानमध्ये असते, इथे तर वेगळंच झालं. सेंदाईजवळच्या गामो बीचवर तोहोकू युनिव्हर्सिटीच्या मुलांना अशीच एक निळी सापडली आणि ती चक्क नवीन प्रजाती निघाली, २०२५ मध्ये जाहीर झालं, नाव फायसेलिया मिकाझुकी. मिकाझुकी म्हणजे चंद्रकोर, इथला जुना सरदार दाते मासामुने याच्या शिरस्त्राणावर असायची ती. इतक्या उत्तरेला आधी ही कधी नोंदलेलीच नव्हती, कुरोशियो हा जपानच्या किनाऱ्याने वाहणारा समुद्रप्रवाह, त्याचं गरम पाणी उत्तरेकडे सरकलं त्याबरोबर आली असं संशोधक म्हणतात. इथल्या माणसांनाही तुमच्यासारखंच, ओळखीचा किनारा आणि अनोळखी पाहुणी.

वाळूतली_पावलं
खूप आभार सगळ्यांचे. पुतणी बरी आहे, वळ बसलाय, नुसती खाज आहे. लिंबू चोळलं त्याचं फार वाईट वाटतंय.

जाळं_आणि_होडी
वाईट वाटून घेऊ नका, आमच्याकडेपण तेच करायचे. पुढच्या वेळी तिला बंद चप्पल घाला, वाळूत अर्धी पुरलेली असली की फुगा दिसत नाही, दोरा मात्र पायाला लागतो.