कॅसल फाल्कनस्टाइन अजून कोणी खेळतं का? आणि त्याची एवढी ओढ का वाटते?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आमचा सहा-सात जणांचा ग्रुप आहे, रविवारी दुपारी गंगापूर रोडला एकाच्या घरी जमतो आणि बहुतेक वेळा डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, आपापलं पात्र घेऊन टेबलावर खेळायचा रोलप्लेइंग गेम) फिफ्थ एडिशनच चालतं. मध्यंतरी मावसभाऊ अमेरिकेतून परत आला, त्याने सामान लावताना एक जुनं पुस्तक माझ्या हातात दिलं, कॅसल फाल्कनस्टाइन, १९९४ चं, आर. टालसोरियन गेम्सचं. ज्या माइक पाँडस्मिथने सायबरपंक हा गेम केला त्याचाच हाही रोलप्लेइंग गेम. मला आधी खरंच वाटेना, कारण एकीकडे निऑन आणि क्रोमचे हात आणि इकडे १८७० च्या आसपासचा युरोप, वाफेची इंजिनं, परीलोकातले सरदार, ड्रॅगन, तलवारीची द्वंद्वं आणि राजवाड्यातले बॉल डान्स.

तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. आपल्या जगातला एक गेम डिझायनर, टॉम ओलाम, जादूने त्या जगात ओढला जातो आणि त्याने तिथून लिहिलेली हकिकत म्हणजे पुस्तकाचा पहिला भाग, रंगीत चित्रांसकट. नियम येतात त्यानंतर. म्हणजे आधी तुम्ही गोष्ट वाचता, त्या जगात रमता, आणि मग कळतं की हे खेळायचंही आहे.

ग्रुपमधल्या दोघांचं म्हणणं, छापील पुस्तक मिळत नाही, नवीन फारसं काही येत नाही, मग एवढा अट्टहास कशाला, सेटिंग आवडलंय ना तर उचल आणि फिफ्थ एडिशनमध्ये टाक. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाहीये. कोणी खेळलंय का हे? नक्की काय आहे त्यात जे बाकीच्या स्टीमपंकमध्ये (म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या काल्पनिक जगात) नाही?

इस्पिकराणी

अरे वा, फाल्कनस्टाइनवर मराठीत धागा! पुण्यात आम्ही हे बरंच खेळलोय त्यामुळे जरा लांबण लागेल.

फिफ्थ एडिशनमध्ये टाकू नकोस. कारण सांगते. या गेममध्ये फासे नाहीतच, पत्ते आहेत. आणि त्याचं कारण त्या जगातच आहे, तिथल्या सभ्य समाजात फासे टाकणं हे गुत्त्यातल्या लोकांचं काम, घरंदाज माणसं पत्ते खेळतात, म्हणून ओलाम तिथल्या लोकांसाठी गेम बनवतो तो पत्त्यांवर. प्रत्येकाच्या हातात चार पत्ते. बदाम म्हणजे भावना आणि प्रेमाबिमाच्या गोष्टी, चौकट म्हणजे बुद्धी, किलवर म्हणजे अंगमेहनत आणि मारामारी, इस्पिक म्हणजे समाजातलं वजन, ओळखीपाळखी, शिष्टाचार. तलवारबाजी करायची तर किलवर लागणार. त्या रंगाचा पत्ता टाकलास तर पूर्ण किंमत मिळते, दुसऱ्या रंगाचा टाकलास तर फक्त १. एक्का १४, आणि जोकर १५, तोही कुठल्याही रंगात चालतो.

आता हे टेबलावर कसं दिसतं बघ. आमच्यातली एक जण प्रशियाच्या वकिलातीत कागद चोरायला शिरली होती, हातात बदामाचा राजा, बदामाची नव्वी आणि दोन फुटकळ चौकट. पहारेकरी समोर. हाणामारी करायला किलवर एकही नाही. ती दोन सेकंद पत्त्यांकडे बघत बसली आणि मग पहारेकऱ्याला म्हणाली, तुझ्या आईचं पत्र आलंय का रे गावाहून? आणि तिथून जो सीन रंगला! एकही तलवार उपसली गेली नाही. फाशावर हे होत नाही कारण फासा तुला आधी काही सांगत नाही, तू ठरवतोस आणि मग नशीब. इथे नशीब आधीच हातात येऊन बसलेलं असतं आणि त्यातून काय करायचं ते तुझ्यावर. ते जग सगळं असंच आहे, सभ्यतेच्या चौकटीत राहून हुशारीने वाट काढणाऱ्या लोकांचं. डी ट्वेंटी (डी अँड डीचा वीस बाजूंचा फासा) लावलास तर कोट टोप्या तेवढ्या उरतील.

कॅरेक्टरचंही तेच. आकड्यांचा तक्ता भरायचा नसतो, डायरी लिहायची असते. तुझं पात्र कुठून आलं, कोणावर जीव आहे, कोणाशी वैर आहे, आयुष्यात काय मिळवायचंय. गुणसुद्धा शब्दांत असतात, गुड, ग्रेट, पुअर असे. आमच्यातल्या एकाने कधी आयुष्यात चार ओळी लिहिल्या नव्हत्या, त्याने त्या डायरीची पानंच्या पानं भरली.

पंचवटी_एक्सप्रेस

पत्त्यांचं कौतुक मान्य पण दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर गोदाकाठी पहिल्याच रविवारी वैतागेल.

पत्ता टाकला की लगेच नवीन उचलून हात परत चारचा करायचा असतो. त्यामुळे चलाख खेळाडू काय करतात, किरकोळ कामांवर नको ते पत्ते फुंकतात आणि एक्के राजे दाबून ठेवतात, मग शेवटच्या सीनला सगळे अचानक महावीर. खलनायक दारातून आत येतो आणि तीन मिनिटांत आडवा. होस्टच्या हातातही पत्ते असतात (खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला इथे होस्ट म्हणतात), तर होस्टने ते राखून ठेवायला शिकायचं, आणि किरकोळ कामाला पत्ते मागायचेच नाहीत. दार उघडायला, घोड्यावर बसायला पत्ते कशाला? जिथे खरंच काहीतरी पणाला लागलंय तिथेच मागा. एवढं सांभाळलं तर सिस्टीम छान पळते.

जादूचं मात्र मला मनापासून आवडतं. त्याला वेगळा कॅट असतो. मंत्र म्हटला आणि झालं असं नाही, ऊर्जा गोळा करत बसायचं, एकेक पत्ता ओढत, मंत्राला लागते तेवढी बेरीज होईपर्यंत, आणि मंत्राच्या रंगाचे पत्ते आले नाहीत तर वेळ जातोय आणि समोरचा पिस्तूल भरतोय. एकदा आमच्या जादूगाराला लागोपाठ भलत्याच रंगाचे पत्ते येत गेले आणि बाकीचे तिघं खुर्च्या टेबलं दाराला लावून उभे. तेवढा ताण मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये जादू करताना जाणवला नाही.

आणि ग्रुपवाल्यांना सांग की सेटिंग दुसऱ्या सिस्टीममध्ये उचलून नेण्याचा प्रयोग आधीच झालाय. स्टीव्ह जॅक्सन गेम्सने २००० साली त्यांच्या गर्प्स या सिस्टीमसाठी याची आवृत्ती काढली होती. माहिती म्हणून उत्तम पुस्तक आहे, पण टेबलावर माझं तरी मन त्यात लागलं नाही.

सातपूरकर

वाचतोय. मला ते स्टीमपंक म्हणजे टोपीवर गॉगल आणि चक्रं चिकटवलेली यापलीकडे कधी काही वाटलं नाही, पण हे वेगळं दिसतंय. एक प्रश्न, तो किल्ला खरा आहे का?

इस्पिकराणी

@सातपूरकर, फार छान प्रश्न, माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

जागा खरी आहे, पण गेममधला तो किल्ला कधी बांधलाच गेला नाही. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग, ज्याने नॉयश्वानस्टाइन बांधला, त्याने १८८० च्या दशकात फ्रोंटेनजवळ डोंगरावरचा फाल्कनस्टाइनचा पडका गड विकत घेतला. तिथे त्याला नॉयश्वानस्टाइनपेक्षाही उंचावर परीकथेतला किल्ला हवा होता. क्रिस्टियान यांक म्हणून रंगभूमीचे पडदे रंगवणारा चित्रकार होता, त्याने कल्पनाचित्र काढलं, कड्याच्या टोकावर सुळक्यासारखे मनोरे. प्रत्यक्षात वर जायचा रस्ता आणि पाण्याची सोय एवढंच झालं. तिजोरीत खडखडाट, मंत्र्यांनी राजाला वेडा ठरवून गादीवरून काढलं आणि १३ जून १८८६ ला तो श्टार्नबर्गच्या तलावात मेलेला सापडला. कसा मेला यावर अजून वाद आहेत.

गेममध्ये हा किल्ला उभा आहे, परीलोकाच्या ऑबेरॉनने जादूने उभा केलेला. खऱ्या इतिहासात १८७१ मध्ये बव्हेरिया बिस्मार्कच्या जर्मन साम्राज्यात गेला, गेममध्ये लुडविग बिस्मार्कला टक्कर देतो, लिओनार्दो दा विंचीच्या हरवलेल्या वह्यांवरून बुटक्या कारागिरांनी बनवलेल्या उडत्या जहाजांच्या जोरावर. इतिहासात जो हरला, ज्याला वेडा म्हणून कोंडलं, त्याच्या बाजूने तुम्ही खेळता. मला वाटतं गोदाकाठीला जी ओढ वाटतेय ती याचीच आहे. चक्रं आणि वाफ सगळ्यांकडेच असते. कागदावर राहून गेलेलं एखादं स्वप्न उभं करून त्यात राहायला कोण देतं?

घाटमाथा

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका.

मला हा गेम प्रचंड आवडतो आणि तरीही प्रत्येक वेळी एक गोष्ट खुपते. ते राजवाडे, ते बॉल, ते कारखाने कोणाच्या पैशावर चाललेत? त्याच दशकात, १८७६ ते ७८, आपल्या दख्खनमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती. ब्रिटनचे स्टीम लॉर्ड (बडे कारखानदार) गेममध्ये खलनायक आहेत हे बरंच आहे, पण पुस्तकाची नजर युरोपच्या दिवाणखान्यातच फिरते. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन निमो आहे त्यात, आणि निमो मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र, म्हणजे दार किलकिलं तरी आहे.

आम्ही ते दार उघडलं. मोहीम नाशिकलाच लावली. आणि सामग्री इतकी आहे ना इथे! १८६५ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला आली, ३७ फुटांना १ फूट असा चढ, खाली कसाऱ्याला इंजिन धापा टाकतंय आणि डब्यात काय भरलंय कोणालाच माहीत नाही. पुण्यात केरूनाना छत्रे आहेत, गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ, दुर्बिणीशी त्यांना बसवायला काहीच बदलावं लागत नाही. १८७३ मध्ये जोतीरावांचा सत्यशोधक समाज, १८७९ मध्ये वासुदेव बळवंतांचं बंड. आमच्या खेळात एक पात्र जीआयपीतला फिटर होता, त्याच्या डायरीत त्याने पहिलं वाक्य लिहिलं होतं, साहेबाचं इंजिन मी उघडू शकतो, साहेब उघडू शकत नाही. चौकट ग्रेट, इस्पिक पुअर. या एका ओळीवर सगळी मोहीम चालली.

इस्पिकचा रंग तर इथे फार टोचतो. युरोपात इस्पिक म्हणजे आमंत्रणपत्रिका. इथे इस्पिक म्हणजे कोणाच्या ओसरीवर चढता येतं आणि कोणाच्या नाही. विहिरीवर पाणी भरण्याच्या सीनला होस्टने इस्पिक मागितलं तेव्हा सगळं टेबल गप्प झालं. नियम तोच, एक अक्षर बदललं नव्हतं. म्हणून मलाही वाटतं की सिस्टीम बदलू नका, गाव बदला.

परीलोकासाठी मात्र घाई करू नका. आपल्याकडच्या दैवतांना उचलून ऑबेरॉनच्या दरबारात बसवू नका, ते फसवं होतं. आम्ही साती आसरा तेवढ्या घेतल्या, त्याही पाण्याच्या कडेलाच ठेवल्या, कधी पूर्ण दाखवल्या नाहीत.

पंचवटी_एक्सप्रेस

@घाटमाथा, विहिरीचा सीन वाचून थांबलो. याची मोहीम सविस्तर लिहाच, वेगळा धागा काढा.

फक्त एका गोष्टीला विरोध. नवीन ग्रुपने थेट नाशिकपासून सुरुवात करू नये. आधी दोन-तीन रविवार बायर्नमध्ये (म्हणजे लुडविगच्या बव्हेरियात) खेळा, पत्ते हातात बसू देत, मग घाट उतरा. दोन्ही गोष्टी एकदम शिकायला गेलात तर धड काहीच होत नाही.

गोदाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. इस्पिकराणी, लुडविगचं ते वाचलं आणि पुस्तक परत उघडून त्या किल्ल्याचं चित्र बघत बसलो, रस्ता आणि पाणी एवढंच झालं होतं हे माहीत झाल्यावर ते चित्र वेगळंच दिसायला लागलं.

ग्रुपवर धागा टाकला. फिफ्थ एडिशनवाले दोघं अजून कुरकुरतायत पण त्यातला एक डायरी लिहायला बसलाय. ठरलं असं, येत्या रविवारी बायर्न, पत्त्यांवर, आणि सिंहस्थाच्या आधी कधीतरी नाशिक, घाटमाथा यांची परवानगी असेल तर त्यांचा फिटर आमच्याकडे पाहुणा म्हणून यावा अशी इच्छा आहे. बाकीच्यांना वाचायला पुस्तक कसं द्यायचं ते बघतोय, माझी प्रत एकच आहे आणि ती बाइंडिंगला जरा सुटलीये.

घाटमाथा

फिटर खुशाल न्या. त्याला बिडी ओढायची सवय आहे, बॉयलरजवळ लक्ष ठेवा.

इस्पिकराणी

तुझी प्रत फिरवू नकोस. ड्राइव्हथ्रूआरपीजी या साइटवर अधिकृत पीडीएफ मिळते, ती एक घ्या. आणि पत्त्यांचे दोन कॅट घेताना पाठीचा रंग वेगळा बघून घ्या, नशिबाचा आणि जादूचा कॅट एकदा मिसळले की निवडत बसावं लागतं. जोकर आधीच काढून टाकायची सवय असते आपल्याला, दोन्ही कॅटमधले राहू द्या.