'जगन्मिथ्या' म्हणजे जग खोटं, हे कोणी सांगितलं?

कुडमुडा वेदान्ती
मायेचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "सगळी मायाच, मग कशाला जिवाला त्रास?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. शंकराचार्यांच्या अद्वैतात निव्वळ खोट्याला 'असत्' म्हणतात. सशाचं शिंग म्हणजे असत्. मिथ्या वेगळं. दोरीवरचा साप दिसला, घाम फुटला, म्हणून तो असत् नाही. दिवा आणल्यावर गेला, म्हणून सत् नाही. आणि शंकराचार्यांनी जागेपणाला स्वप्नाच्या पंक्तीला बसवलेलंच नाही. 'वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्' (ब्रह्मसूत्र २.२.२९) यावरचं भाष्य वाचा. विज्ञानवाद्यांना, म्हणजे बाहेरचं जग नाहीच, सगळं मनातलंच म्हणणाऱ्या बौद्धांना, ते सुनावतात, की स्वप्न जाग आल्यावर बाधित होतं, खोटं ठरतं. जागेपणी पाहिलेला खांब कुठल्याच अवस्थेत तसा बाधित होत नाही.

शंकासुर
सोयीचं तेवढं उचललंत. शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू गौडपाद, त्यांची कारिका कुठे गेली? 'वैतथ्य' प्रकरणात जागृती आणि स्वप्न एकाच माळेचे मणी आहेत! बौद्धांशी भांडताना खांब खरा, घरात बसल्यावर तोही खोटा.

कुडमुडा वेदान्ती
अहो, सत्तेचे स्तर आहेत ना. प्रातिभासिक म्हणजे नुसतं भासणारं, व्यावहारिक म्हणजे रोजच्या व्यवहारात टिकणारं, पारमार्थिक म्हणजे अखेरचं सत्य. खांब व्यवहारात खराच.

शंकासुर
अडलं की स्तर काढायचा.

दासानुदास
खरी मेख दुसरीकडेच आहे. श्रीभाष्यात, म्हणजे ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात, रामानुजांनी मायावादावर (अद्वैत्यांच्या या मतावर) सात अनुपपत्ती, म्हणजे न जुळणाऱ्या गोष्टी, काढल्या. त्यातली आश्रयाची एकच घ्या. अविद्या राहते कुठे? ब्रह्माच्या ठायी म्हणावं, तर ते ज्ञानस्वरूप. तिथे अज्ञान टिकेल कसं? जीवाच्या ठायी म्हणावं, तर जीव हा जीव झाला तोच अविद्येमुळे. आधी कोण? शंकराचार्यांनंतर अद्वैत्यांतच टीकाग्रंथांवरून दोन घरं झाली. भामतीवाले आश्रय जीवाला देतात, विवरणवाले ब्रह्माला. ज्यांचं आपापसात जमत नाही, त्यांनी आम्हाला भ्रमात काढावं!

कुडमुडा वेदान्ती
अविद्या अनादि मानली आहे. बीज आधी की झाड, असं विचारण्यासारखं झालं हे.

दासानुदास
बीज आणि झाड दोन्ही खरी असतात हो.

ओवीकर
मराठीत बोलताय आणि ज्ञानोबांचं नाव नाही? अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात त्यांनी अज्ञानाला उभं राहायलाच जागा ठेवलेली नाही. मग जग म्हणजे काय, तर चिद्विलास, चैतन्याचाच खेळ. दागिना दिसला म्हणून सोनं झाकलं जात नाही. हे मायावादाच्या चौकटीत बसतं की नाही, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. मला विचाराल तर नाही बसत. (ज्ञानेश्वरीतल्या, मायेला नदी म्हणणाऱ्या ओव्या कोणीतरी तोंडावर फेकेलच, ठाऊक आहे.)

नुसती वाचक
माझी शंका साधी आहे. दोरी कळल्यावर साप दिसत नाही. जग मात्र ज्ञान झालेल्यालाही दिसतं, तो जेवतो, बोलतो. मग दृष्टान्त लंगडाच नाही का?

कुडमुडा वेदान्ती
ताई, रास्त आहे. तिथे मृगजळ घ्या. कळल्यावरही दिसतं, फक्त घागर घेऊन कोणी धावत नाही. देह उरतो तो प्रारब्धामुळे. ब्रह्मसूत्र ४.१.१५ वरच्या शंकराचार्यांच्या भाष्यात कुंभाराचं चाक आहे, हात काढला तरी वेग संपेपर्यंत फिरणारं.

शंकासुर
चाक होतं म्हणून फिरलं. जे मुळात नव्हतंच, त्याचा वेग कसला उरतो?