साठीनंतर मिशनला जाणं आणि घरची माणसं
वर एका ताईंनी लिहिलंय की साठीनंतर नातवंडं सोडून परदेशी मिशनला, म्हणजे चर्चच्या सेवाकार्याला, जाणं म्हणजे घरच्यांवर अन्याय, मला नाही पटत. आमच्या वेंगुर्ल्यातलंच बघा, अमेरिकन मिशनरी डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट इथेच १९१९ साली जन्मला (पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा प्रेसिडेंट, १९७७ ते १९८० भारतात अमेरिकेचा राजदूत), पण पंधराव्या वर्षी शिकायला अमेरिकेला गेला आणि मग आईबाप इथे पत्राची वाट बघत. आता माझी मावशी, रिटायर्ड नर्स, काकांबरोबर केनियात मिशनवर आहे, रविवारी चर्च सुटलं की व्हिडिओ कॉल, मागे फळीवर आमच्याकडच्या आमसुलांची बरणी दिसते, नातीकडून बाराखडी म्हणून घेते. फक्त फोन ठेवायची वेळ आली की बोट स्क्रीनजवळ नेते आणि तशीच थांबते, ते मात्र बघवत नाही हो.