रोज जवळ बाळगायला कुठलं कॅलिबर (गोळीचं माप)? ९ एमएम की .३८०? (टेक्सास)

कोल्हापूरची_डॅलसमध्ये:
नमस्कार मंडळी. मी फार्मसीत काम करते, रात्री बंद करून पार्किंगपर्यंत एकटीच जावं लागतं. आता ग्रीन कार्ड आलंय तर एक छोटं पिस्तूल घ्यायचं ठरवलंय. दुकानवाला म्हणतो बायकांना .३८० च बरं, नवरा म्हणतो घ्यायचंच तर .४५ घे, त्याची गोळी मोठी. माझे हात लहान आहेत, मनगटात फार जोर नाही. रोज बाळगणाऱ्यांनी प्लीज सांगा.

ह्यूस्टनकर:
ताई, ९ एमएम घ्या. .४५ ला झटका जास्त आणि मॅगझिनमध्ये गोळ्या कमी मावतात. १९८६ ला मायामीच्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट गेले, ९ एमएमची गोळी हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरली पण हृदयाच्या अलीकडेच थांबली, त्यावरून एफबीआयवाले आधी १० एमएम मग .४० असं करत गेले आणि गोळ्या सुधारल्यावर परत ९ एमएमवरच आले. गोळी चांगल्या कंपनीची होलो पॉइंटच (टोकाला पोकळ, आत शिरून फुलणारी) घ्या, रेंजवरची साधी नको, ती आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते.

प्लॅनोची_ताई:
दादांचं बरोबर आहे पण .३८० ला इतकं उडवून लावू नका. गोळीची जाडी दोन्हीची सारखीच, फक्त काडतुसाची नळी (केस) .३८० ची १७ मिमी आणि ९ एमएमची १९, त्यामुळे .३८० मध्ये बंदुकीची दारू कमी आणि जोर कमी. पण खिशात मावणारं हलकं .३८० हाताला जाम झोंबतं गं, बायकांना सोपं म्हणून तेच विकतात याचा मला खरंच राग येतो! त्यापेक्षा स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड पिस्तूल बघ, .३८० मध्ये पण येतं आणि स्लाइड (गोळी भरायला मागे ओढायचा वरचा भाग) अगदी सहज मागे येते. दुकानात स्लाइड स्वतः ओढून बघ, नवऱ्याला ओढू देऊ नकोस.

एक_मराठी_ऑस्टिन:
कॅलिबर काहीही घ्या, ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) पाहिजेच, पर्समध्ये किल्ल्यांबरोबर सुटं टाकायचं नाही म्हणजे नाही. २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्यांना पिस्तूल बाळगायला लायसन्स लागत नाही तरी काढाच, दुसऱ्या राज्यात गेलात की कामाला येतं. बारवर लाल ५१ टक्केचा बोर्ड (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची) दिसला की पिस्तूल घेऊन आत जायचं नाही. आणि वाचणाऱ्या एच-१बी वाल्यांनो, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायला मनाई आहे, आधी वकिलाला विचारा.

कोल्हापूरची_डॅलसमध्ये:
खूप आभार सगळ्यांचे. घरात लहान मुलगा आहे म्हणून बोटाच्या ठशावर उघडणारी तिजोरी आधी घेते. शनिवारी रेंजवर ९ एमएम आणि ईझेड दोन्ही भाड्याने घेऊन चालवून बघणारे. डॅलस बाजूला बायकांसाठी चांगला क्लास कुणाला माहितीये का?